अर्धा फोटो झाकून पाहा: इंदूरच्या रस्त्यावर फोटो काढण्याची एक पद्धत

जूनमध्ये शाळा उघडायच्या आठवड्यात खजूरी बाजारात जुन्या पुस्तकांच्या दुकानांपुढे पाय ठेवायला जागा नसते. तीन वर्षांपूर्वी तिथे मी आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीचा फोटो काढला. हातात पुस्तक, चेहऱ्यावर हसू, मागे पुस्तकांच्या थप्प्या, उजेडही छान. घरी आल्यावर पाहिला आणि पुढे सरकवला. त्याच्या नंतरचा फोटो मात्र आईनं मला मागे जाऊन पुन्हा दाखवायला लावला. त्यात तीच मुलगी पुस्तक उघडून नाकाशी धरून वास घेतेय, आणि तिच्या दोन पावलं मागे, तिच्याकडे पाठ करून, वडील पाकिटातल्या नोटा मोजताहेत. चेहरा धड कुणाचाच दिसत नाही. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "पुरतील ना गं त्याला?"

त्याआधी चार वर्षं मी होळकरांच्या राजवाड्याभोवती फिरून हजारो फोटो काढले होते. एकाही फोटोबद्दल आईनं असा प्रश्न विचारला नव्हता. "छान आलाय" म्हणायची आणि चहा टाकायला उठायची. त्या दिवशी मी त्या फोटोतल्या मुलीवर तळहात ठेवला. उरला पैसे मोजणारा एक माणूस. मग वडिलांना झाकलं. उरली पुस्तक हुंगणारी एक गोड मुलगी. दोन्ही अर्धे सामान्य होते. फोटो होता तो त्या दोघांमधल्या दोन पावलांच्या अंतरात.

तेव्हापासून मी असंच शिकते आणि जे विचारतात त्यांना असंच शिकवते. एका चौकटीत दोन गोष्टी शोधायच्या, ज्यांचं एकमेकींशी काहीतरी देणंघेणं आहे. पुढचं सगळं त्या दोन गोष्टी एका चौकटीत याव्यात यासाठीची तयारी आहे.

अर्धा किलोमीटर निवडा

आधी एक तुकडा ठरवा. अर्धा किलोमीटर पुष्कळ झाला. तीन महिने तिथेच जायचं, आठवड्यातून निदान दोनदा, दर वेळी वेगळ्या वेळी. माझा तुकडा खजूरी बाजार ते सीतलामाता बाजार. तुमचा सियागंजातल्या किराणा गोदामांचा असेल, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपासून (होळकरांच्या समाध्यांपासून) नदीकाठाचा असेल, नाहीतर सुदामानगर किंवा राजेंद्रनगरमधली तुमची रोजची भाजीची गल्लीसुद्धा चालेल. खरं सांगायचं तर नव्या माणसाला मी घराजवळची गल्लीच सुचवते. भाजीवाली तुम्हाला ओळखते, कॅमेरा पाहून ती पदर सावरून बसत नाही.

राजवाड्यापासून मात्र सुरुवात करू नका. सात मजली इमारत, खालचे तीन मजले दगडाचे, वरचे लाकडाचे. ती पूर्ण बसवायच्या नादात आपण इतके मागे जातो की माणसं मुंग्यांएवढी होतात. मी नव्या मुलांना तिथे नेते तेव्हा राजवाड्याकडे पाठ करून उभं राहायला सांगते. समोर फुगेवाले असतात, बागेच्या कठड्यावर टेकलेली म्हातारी माणसं असतात, आपल्या माणसाला गर्दीत शोधणाऱ्या बायका असतात. आणि राजवाडा बघायला गावाहून आलेलं कुटुंब असतं. मान वर केलेली पाच माणसं, आणि त्यांच्यातलं एक पोर, ज्याला वर काही बघायचं नाहीये, फक्त फुगा हवा आहे. राजवाडा चौकटीत नसतो, पण त्या वर केलेल्या मानांमध्ये तो असतोच.

पहिल्या दोन फेऱ्यांत फोटो काढू नका. वहीत लिहा: कुठलं दुकान किती वाजता उघडतं, हातगाडी कुठे लागते, हमाल कुठे बसून जेवतात, कुठल्या ओट्यावर कोण बसतं. ही वही लेन्सपेक्षा जास्त उपयोगी पडते, हा माझा अनुभव आहे.

उजेडाचं वेळापत्रक

इंदूर कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला आहे. त्यामुळे जूनच्या सुरुवातीला आणि पुन्हा जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. तेव्हा डोळ्यांच्या खोबणीत काळोख आणि नाकावर चकाकी, एवढंच मिळतं. त्या दिवसांत साडेआठनंतर मोकळ्या रस्त्यावर चेहरे काढायच्या फंदात पडू नका. डिसेंबरच्या अखेरीस उलट आहे: ऐन मध्यान्हीलाही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४४ अंशांवरच असतो, म्हणजे माणसाची सावली जवळपास त्याच्या उंचीइतकी पडते. थंडीत दिवसभर काम करता येतं. आणि आपल्याकडे मध्यान्ह घड्याळाच्या बाराला होत नाही, साडेबाराच्या आसपास होते. सावल्या बघायला निघाल तेव्हा हे लक्षात असू द्या.

अरुंद गल्लीचं गणित वेगळं आहे. ऊन एका बाजूच्या भिंतीवर पडतं आणि तिथून परतून समोरच्या सावलीतल्या माणसांवर येतं. हा परतीचा उजेड चेहऱ्यासाठी सगळ्यात मऊ. म्हणून ऊन पडलेल्या भिंतीकडे पाठ करा आणि समोरच्या सावलीतल्या माणसाकडे बघा. एकच अडचण: भिंतीचा रंगही चेहऱ्यावर येतो. सीतलामाता बाजारात बाहेर टांगलेल्या लाल साड्यांमुळे गिऱ्हाइकांचे गाल तापल्यासारखे दिसतात. कधी ते शोभतं. पावसाळ्यात निळ्या ताडपत्रीखाली मात्र सगळे आजारी दिसतात. असे फोटो मी कृष्णधवल करते.

सकाळच्या पोह्यांच्या गाडीपाशी सूर्य वाफेच्या मागे असेल अशी जागा घ्या. आपल्याकडे पोहे खाली उकळतं पाणी ठेवून गरम ठेवतात, त्यामुळे वाफ तासन्‌तास मिळते. सूर्य तुमच्या पाठीशी असेल तर ती वाफ फोटोत जवळजवळ दिसतच नाही. समोरून आला की झळाळून उठते.

कॅमेरा, थोडक्यात

मोबाइल चालतो. बहुतेक मोबाइलची मुख्य लेन्स २४ ते २६ मिमीच्या आसपास बघते, म्हणजे बरंच रुंद. त्यामुळे माणूस दोन-अडीच पावलांवर नसेल तर तो चौकटीत हरवतो. झूम करण्यापेक्षा पुढे जा. पडद्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड तिथेच थांबतो. मग बोट खाली ओढून फोटो किंचित गडद करा. उन्हातलं पांढरं धोतर एकदा कोरं पांढरं झालं की त्यातल्या चुण्या परत येत नाहीत.

कॅमेरा असेल तर ३५ मिमी लेन्स घ्या आणि बाकीच्या घरी ठेवा. एक युक्ती सविस्तर सांगते, कारण तिच्यामुळे माझे निम्मे फोटो वाचले. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर ३५ मिमी लेन्स एफ/८ वर (हा आकडा वाढला की लेन्सचं छिद्र लहान होतं) ठेवा आणि फोकस हातानं ३ मीटरवर लावून टाका. आता साधारण १.९ मीटरपासून ७ मीटरपर्यंतचं सगळं पुरेसं स्पष्ट येईल. म्हणजे फोकस व्हायची वाट बघायला नको. कॅमेरा डोळ्याला लावायचा आणि दाबायचं. तीन मीटर म्हणजे किती हे डोळ्यांना शिकवावं लागतं. मी घरात दारापासून तीन मीटरवर खडूची रेघ मारली होती आणि महिनाभर येता-जाता तिच्याकडे बघत होते. शटर चालत्या माणसासाठी १/२५० सेकंद, सायकलसाठी १/५००, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) स्वयंचलित. बाकीच्या बटणांना हात लावू नका.

आता थांबा

भारतातल्या सुरुवातीच्या मोठ्या छायाचित्रकारांपैकी एक, लाला दीनदयाळ, इंदूरच्याच बांधकाम खात्याच्या कचेरीत नोकरीला होते. १८७०च्या दशकात त्यांनी इथेच कॅमेरा हातात घेतला, इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनी त्यांना आश्रय दिला, आणि १८८५ मध्ये ते हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. त्यांच्या काळी काचेच्या प्लेटवर फोटो उमटायला वेळ लागायचा, म्हणून समोरच्या माणसांना स्तब्ध राहावं लागे. आज माणसं हवी तशी हलोत, शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागात मिटतं. स्तब्ध राहायची पाळी आता आपली आहे.

एक जागा निवडा जिथे उजेड चांगला आहे आणि मागची भिंत साधी आहे. तिथे वीस मिनिटं उभे राहा. घड्याळ लावून. पहिली पाच मिनिटं सगळे तुमच्याकडे बघतील. कुणीतरी येऊन विचारेलच, "क्या खींच रहे हो मैडम?" खरं सांगा. "इथली सकाळ काढतेय, मी इथलीच आहे" एवढं पुरतं. काढलेला एखादा फोटो लगेच दाखवा. दहाव्या मिनिटाला तुम्ही विजेच्या खांबासारखे होता. खरे फोटो त्यानंतर येतात.

माणसाच्या मागे धावू नका. मागून गेलं की पाठ मिळते किंवा भांडण मिळतं. जागा धरून ठेवली की माणसं आपण होऊन चौकटीत येतात.

दोन गोष्टी

आता मुख्य भाग. थांबल्यावर बघायचं काय?

मी हात बघते. चेहरा समाजासाठी तयार असतो, हात नसतात. सियागंजात पोतं उतरवून आलेला हमाल चहाचा कप दोन्ही तळहातांत धरतो, जणू तो कप ऊब घ्यायलाच आहे. दागिन्यांच्या दुकानातून बाहेर पडलेली बाई पिशवीवर हात ठेवते, मग दहा पावलांवर पुन्हा ठेवते. पण नुसता हात ही एक गोष्ट झाली. दुसरी शोधायची. हमालाच्या कपाशेजारी पोत्यांचा ढीग अजून तेवढाच उरला असेल तर तो ढीग चौकटीत यायलाच हवा. बाईच्या मागे दुकानाच्या पायरीवर नवरा अजून बिलाकडे बघत उभा असेल तर अर्धं पाऊल डावीकडे सरका आणि त्यालाही घ्या.

हे "अर्धं पाऊल" फार मोलाचं आहे. दोन माणसं एकमेकांवर चढलेली दिसली की त्यांच्यातलं अंतर मिटतं आणि फोटो गिचमिड होतो. दोन डोक्यांमध्ये फट हवी. बोटभर चालेल, पण हवी. कॅमेरा वर-खाली करून ती मिळत नाही, शरीर हलवावं लागतं. सवय होईपर्यंत तोंडातल्या तोंडात म्हणा: फट, फट, फट. मी म्हणायचे.

वाट बघणं ही दुसरी खाण. शाळा सुटायच्या आधीची दहा मिनिटं शाळेच्या फाटकाबाहेर उभं राहून बघा (मुलं बाहेर यायच्या आत कॅमेरा बंद करा, त्याबद्दल पुढे). आजोबा रिकामी पाण्याची बाटली आणि छोटी छत्री घेऊन उभे असतात. मूल चौकटीत नाही, छत्रीच्या आकारावरून ते आहे. इथे दुसरी गोष्ट गैरहजर आहे, आणि म्हणूनच ती जास्त जाणवते. रिकामी खुर्ची, दाराबाहेरच्या चपला, दोन कप आणि एकच माणूस, हे सगळं याच जातीचं.

विरोधाभासावर मात्र मी आता फारशी भाळत नाही. आलिशान जाहिरातीच्या फलकाखाली झोपलेला मजूर: हा फोटो प्रत्येकानं काढलाय, मीही काढलाय. त्यात त्या मजुराबद्दल काहीच कळत नाही, फलक बदलला तर दुसरा मजूर चालेल. झाकून बघायची चाचणी हा फोटो पास करतो, हेही कबूल केलं पाहिजे. म्हणून मी दुसरा प्रश्न जोडलाय: त्या माणसाला हा फोटो समोर ठेवून दाखवता येईल का? मान खाली घालावी लागणार असेल तर ठेवू नका.

कधी काढायचा नाही

कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांच्या पायऱ्यांवर एकदा एक म्हातारी बाई झोपली होती. उशाला गाठोडं, तिरपं ऊन, मागे दगडी कोरीव काम. मी दोन फोटो काढले. तिसऱ्याच्या वेळी तिला जाग आली. ती ओरडली नाही, काही बोललीही नाही. फक्त पदर ओढून तोंड झाकलं आणि भिंतीकडे वळली. मी तिच्या शेजारी बसून माफी मागितली, तिच्यासमोर फोटो पुसले. ती अजूनही माझ्याकडे बघत नव्हती.

तेव्हापासून झोपलेल्या माणसाचा फोटो मी काढत नाही. रडणाऱ्याचा, दवाखान्याच्या दारातल्याचा, भीक मागणाऱ्याचाही नाही. मुलांचा चेहरा ओळखू येईल असा फोटो आई-वडिलांना विचारल्याशिवाय घेत नाही, आणि त्यांच्या परवानगीशिवाय कुठेही टाकत नाही. कुणी हातानं "नको" म्हटलं तर तिथे वाद नाही. कॅमेरा खाली, मान हलवून नमस्कार, आणि पुढे.

विचारून काढलेला फोटो कृत्रिम होतो असं म्हणतात. पहिला होतो. विचारा, पहिला काढा, आभार माना आणि तिथेच रेंगाळा. दोन मिनिटांत माणूस आपल्या कामाला लागतो. दुसरा फोटो तेव्हाचा असतो.

सराफा आणि रात्र

दिवसा सोन्या-चांदीची पेढी, रात्री त्याच ओट्यांपुढे खाण्याच्या गाड्या. सराफ्यात सगळे पदार्थांचे फोटो काढतात. तुम्ही दुकानं बंद होऊन गाड्या लागण्याची ती अर्धी-पाऊण घडी पकडा. एकाचं शटर खाली येतंय, दुसऱ्याची कढई चढतेय. जागा एक, माणसं दोन. थंडीत गराडूच्या (तळलेल्या कंदाच्या) कढईजवळ थांबा: भट्टीचा उजेड खालून चेहऱ्यावर येतो आणि गिऱ्हाइकं हात शेकल्यासारखी पुढे झुकतात. एफ/२, १/१२५, आयएसओ ३२०० पासून सुरुवात करा. मोबाइलवर रात्रीची खास सोय बंद ठेवा. ती अनेक फोटो एकात मिसळते आणि चालती माणसं धुरासारखी पसरतात.

गेर आणि झाकी

रंगपंचमीच्या गेरमध्ये (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत) कॅमेरा न्यायचाच असेल तर जाड प्लास्टिकच्या पिशवीत लेन्सपुरतं भोक पाडून, रबर बांधून न्या. लेन्स रस्त्यावर बदलू नका, गुलाल सेन्सरवर बसला की साफ करायला पैसे मोजावे लागतात. पण माझं मत विचाराल तर रंगाचे फवारे सोडून द्या. गेर पुढे सरकली की लगेच मागून सफाई कामगारांचा जथा येतो. रंगानं माखलेला रस्ता आणि त्यावर झाडूनं उघडी होत जाणारी काळी पट्टी. सण आणि सणाची किंमत एका चौकटीत मिळते. त्यातल्या कित्येकींच्या गालावर कुणीतरी लावलेला गुलाल असतो.

अनंत चतुर्दशीच्या झाक्यांचंही (गिरणी कामगार मिरवणुकीसाठी बांधतात त्या रोषणाईच्या चित्ररथांचंही) तसंच. इथली कापडगिरणी हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली. कामगारांना थकलेले पैसे मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. त्या वर्षांत, कोरोनाचा काळ सोडला तर, गिरण्यांच्या झाक्या थांबल्या नाहीत. मिरवणुकीच्या रात्री दिव्यांची रोषणाई काढायला हजारो मोबाइल असतात. तुम्ही आधीच्या आठवड्यांत जा, जिथे झाकी बांधली जाते तिथे. विचारून आत जा. जुना कामगार पुठ्ठ्याच्या देवाच्या हाताला तार गुंडाळत बसलेला असतो. यंत्रावर काम केलेले हात असतात ते. तार पिळायची पद्धतच वेगळी असते.

निवड

घरी आल्या आल्या फोटो बघू नका. निदान आठवडा जाऊ द्या. काढताना आलेला आनंद फोटोत दिसत नसतो, पण त्याच दिवशी बघितलं तर तो आपल्याला दिसतो. मग तळहात घेऊन बसा. एकेक गोष्ट झाकत जा. जे झाकूनही काही बिघडत नाही ते कापून टाका किंवा फोटोच सोडा. शंभरातून एक उरला तर महिना चांगला गेला म्हणायचं.

उरलेले घरातल्या अशा माणसाला दाखवा ज्याला फोटोग्राफीतलं काही कळत नाही. "कसा वाटला" विचारू नका, गप्प बसा. त्यानं फोटोतल्या माणसाबद्दल प्रश्न विचारला तर फोटो ठेवा. उजेडाची किंवा रंगांची तारीफ केली तर अजून विचार करा.

आणि प्रिंट काढा. चार बाय सहाची प्रिंट स्वस्तात होते. ज्याचा फोटो आहे त्याला नेऊन द्या. खजूरी बाजारात मी आजवर बऱ्याच प्रिंटा वाटल्या आहेत. एका दुकानदारानं ती गल्ल्याच्या काचेखाली ठेवली आहे, आणि आता नवी गिऱ्हाइकं मला कॅमेऱ्यासह बघून बिचकली तर तोच आतून सांगतो, "अपनी ही हैं."

ती पहिली प्रिंट मात्र अजून माझ्याकडेच आहे, कुठे टाकलेली नाही, कुणाला दिलेली नाही. शाळा उघडायच्या आठवड्यात ती पुठ्ठ्यात घालून पिशवीत ठेवते आणि त्याच दुकानापुढे उभी राहते. मुलगी आता बारा वर्षांची झाली असेल, पुस्तकंही मोठ्या इयत्तेची लागत असतील. तिचा चेहरा कदाचित ओळखणार नाही. वडिलांची पाठ ओळखीन.